लघुव्यवसायांचे ब्लॉगलेखन

लघुव्यवसायांचे ब्लॉगलेखन म्हणजे लहान व स्वतंत्र मालकीच्या व्यवसायाने आपले काम, आपला माल आणि ग्राहकांच्या शंका यांविषयी आंतरजालावर नियमितपणे केलेले लेखन होय. शिंपी, सुतार, बागायतदार, पुस्तकविक्रेता, बांधकाम ठेकेदार, सॉफ्टवेअर तयार करणारी छोटी कंपनी अशा अनेक प्रकारच्या व्यावसायिकांनी हा मार्ग अवलंबला आहे. ब्लॉगला मराठीत अनुदिनी किंवा जालनिशी असेही म्हणतात. जाहिरातीची जागा विकत घ्यावी लागते व मुदत संपली की ती नाहीशी होते. ब्लॉगवरील नोंद मात्र लिहिणाऱ्याच्या मालकीची राहते आणि शोधयंत्रांच्या द्वारे अनेक वर्षांनंतरही नव्या वाचकांपर्यंत पोहोचू शकते. या एका फरकामुळे इसवी सनाच्या २००० नंतरच्या दशकात, जाहिरातीसाठी फारसे भांडवल नसलेल्या व्यवसायांना ब्लॉग हे उपयुक्त साधन वाटू लागले. त्याचा लाभ सर्वांना सारखा झालेला नाही, आणि २०१० नंतर त्याचे महत्त्व किती उरले याविषयी मतभेद आहेत.

== स्वरूप ==

व्यावसायिक ब्लॉग हा दुकानाच्या संकेतस्थळाहून वेगळा असतो. संकेतस्थळावर मालाची यादी, किंमत, पत्ता आणि वेळ दिलेली असते. ब्लॉगवर दिनांकानुसार नोंदी असतात, नवीन नोंद सर्वांत वर येते, लिहिणाऱ्याचे नाव व स्वर ओळखता येतो आणि बहुधा वाचकांना प्रतिसाद देण्याची सोय असते. लहान व्यवसायात लेखक हा बहुतेक वेळा मालक किंवा कारागीर स्वतःच असतो. मोठ्या कंपन्यांच्या ब्लॉगवरील मजकूर प्रसिद्धी विभाग व कायदा विभाग यांच्या नजरेखालून जातो, त्यामुळे तो सहसा गुळगुळीत होतो. छोट्या व्यावसायिकाला अशी परवानगी कुणाची घ्यावी लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा मानला जातो. क्वचित तोच त्याचा धोकाही ठरतो.

== पूर्वपीठिका ==

विक्रेत्याने ग्राहकाला उपयोगी पडेल असे वाचनसाहित्य पुरवून त्याचा विश्वास मिळवण्याची कल्पना आंतरजालाच्या बरीच आधीची आहे. अमेरिकेतील शेतीअवजारे बनवणाऱ्या डीअर कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक सुरू केले. फ्रान्समधील टायर उत्पादक मिशेलिन कंपनीने १९०० मध्ये मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका काढली. तीत नकाशे, टायर बदलण्याच्या सूचना आणि मुक्कामाच्या ठिकाणांची माहिती होती.

महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण म्हणजे 'किर्लोस्कर खबर'. किर्लोस्करवाडी येथील कारखान्याचे हे पत्र १९२० मध्ये सुरू झाले व शं. वा. किर्लोस्कर यांनी त्याचे संपादन केले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे शेतकरी तो घेण्यास तयार नव्हते, असे सांगितले जाते. ही समजूत केवळ किमतीची किंवा मालाची जाहिरात करून जाणारी नव्हती. 'खबर' पुढे कारखान्याच्या वर्तुळातून बाहेर पडले आणि 'किर्लोस्कर' या नावाने मराठीतील एक महत्त्वाचे सामाजिक व वाङ्मयीन मासिक झाले. व्यवसायाच्या पत्राला स्वतःचा वाचकवर्ग मिळाला की त्याचा प्रवास मूळ हेतूपलीकडे जातो, याचा हा मराठीतील जुना दाखला आहे.

== इतिहास ==

'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्जर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी त्याची गमतीने फोड केली व त्यातून 'ब्लॉग' हे रूप रूढ झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने 'ब्लॉगर' ही सेवा सुरू केली. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि मे २००३ मध्ये 'वर्डप्रेस' ही मुक्त स्रोत प्रणाली उपलब्ध झाली. या साधनांमुळे संगणकाची भाषा न जाणणाऱ्यालाही विनामूल्य किंवा नाममात्र खर्चात लेखन प्रसिद्ध करता येऊ लागले.

वैचारिक पाठबळ देणारा मजकूर १९९९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. रिक लेव्हिन, ख्रिस्तोफर लॉक, डॉक सर्ल्स व डेव्हिड वाइनबर्गर यांच्या 'द क्लूट्रेन मॅनिफेस्टो' या जाहीरनाम्यात ९५ कलमे होती. बाजार हा मुळात माणसांमधील संवाद आहे, आणि कंपन्यांची प्रसिद्धीपत्रकी भाषा लोक ऐकेनासे झाले आहेत, असा त्याचा आशय होता. रॉबर्ट स्कोबल व शेल इस्रायल यांच्या २००६ मधील 'नेकेड कॉन्व्हर्सेशन्स' या पुस्तकाने व्यवसायांनी ब्लॉग का लिहावा, याची अनेक उदाहरणे एकत्र केली. ज्यांचे चांगले झाले अशांचीच उदाहरणे अशा पुस्तकांत प्रामुख्याने येतात, हे लक्षात घेऊनच ती वाचावी लागतात.

== उल्लेखनीय उदाहरणे ==

=== इंग्लिश कट ===

टॉमस माहोन हे इंग्लंडमधील शिंपी. लंडनमधील सॅव्हिल रो हा रस्ता मापाबरहुकूम हाताने शिवलेल्या पुरुषी सूटांसाठी प्रसिद्ध आहे. अँडरसन अँड शेपर्ड या तेथील नामांकित पेढीत माहोन यांनी कापड बेतण्याचे काम केले होते. नंतर ते इंग्लंडच्या उत्तरेकडील कंब्रिया परगण्यातून स्वतंत्रपणे काम करू लागले. कारागिरी उत्तम असली तरी लंडनपासून दूर राहणाऱ्या एकट्या शिंप्याकडे गिऱ्हाईक येणार कसे, ही त्यांची अडचण होती. व्यंगचित्रकार व जाहिरात-लेखक ह्यू मॅक्लाउड यांच्या सूचनेवरून जानेवारी २००५ मध्ये 'इंग्लिश कट' हा ब्लॉग सुरू झाला.

या ब्लॉगवर 'आमच्याकडे या' असा सूर फारसा नव्हता. कोटाच्या आत कॅनव्हास का घालतात व ते चिकटवण्याऐवजी हाताने टाचल्यास काय फरक पडतो, संपूर्ण मापाचा सूट आणि तयार नमुन्यात थोडे फेरफार करून दिलेला सूट यांत भेद कसा ओळखावा, पहिल्या ट्रायलला कच्चे टाके घातलेला कोट तसा का दिसतो, किंमत एवढी का पडते, अशा गोष्टी माहोन यांनी साध्या भाषेत लिहिल्या. सॅव्हिल रोवरील दुकानांत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या भिंतीआड राहिले होते. नवख्या ग्राहकाला तेथे पाऊल टाकण्यासच संकोच वाटे. माहोन यांनी इतर शिंप्यांच्या चांगल्या कामाचाही मोकळेपणाने उल्लेख केला. ब्लॉगला अल्पावधीत मोठा वाचकवर्ग मिळाला आणि विशेषतः अमेरिकेतून मागणी येऊ लागली. माप घेण्यासाठी त्यांचे न्यू यॉर्कला दौरे होत. व्यावसायिक ब्लॉगलेखनाच्या चर्चेत हे उदाहरण बहुधा सर्वाधिक वेळा दिले गेले आहे.

या यशाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. हाताने शिवलेल्या एका सूटाला अनेक दिवसांचे श्रम लागतात. ब्लॉगमुळे मागणी कितीही वाढली, तरी एका शिंप्याच्या हातून वर्षाकाठी ठरावीक सूटच निघू शकतात. अशा व्यवसायात ब्लॉगचा उपयोग विक्रीचा आकडा अमर्याद वाढवण्यापेक्षा योग्य गिऱ्हाईक मिळवण्यासाठी व योग्य दाम घेता येण्यासाठी अधिक होतो.

=== रिव्हर पूल्स अँड स्पाज ===

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील ही छोटी कंपनी घरगुती अंगणात फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवीत असे. २००८ च्या आर्थिक मंदीत घरांच्या किमती कोसळल्या आणि घर तारण ठेवून तलाव बांधणारा ग्राहकवर्ग जवळजवळ नाहीसा झाला. आधीच्या ग्राहकांपैकी काहींनी दिलेली आगाऊ रक्कम परत मागितली. बँक खात्यात शिल्लक उरली नाही. सहमालक मार्कस शेरिडन यांनी २००९ मध्ये रेडिओ, दूरचित्रवाणी इत्यादींवरील जाहिरातींचा खर्च पूर्वीच्या सुमारे एक दशांशावर आणला. आजवर ग्राहकांनी विचारलेले सगळे प्रश्न आठवून एकेका प्रश्नावर एकेक लेख लिहायचा, असे त्यांनी ठरवले.

पहिला प्रश्न किमतीचा होता. या धंद्यात घरी येऊन जागा पाहिल्याशिवाय आकडा सांगायचा नाही, अशी रीत होती. शेरिडन यांनी तलावाचा खर्च कोणकोणत्या बाबींवर अवलंबून असतो व तो साधारण कोणत्या टप्प्यात पडतो, हे उघड लिहिले. फायबरग्लासच्या तलावातील दोष, म्हणजे आपण विकतो त्याच मालातील उणिवा, यांवरही त्यांनी लेख लिहिला. रिचमंड शहराच्या परिसरातील चांगले तलाव-बांधणारे कोण, या प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी प्रतिस्पर्ध्यांची नावे दिली आणि स्वतःच्या कंपनीचे नाव घातले नाही. प्रतिस्पर्ध्याचे नाव शोधणारा वाचकही त्यामुळे त्यांच्याच पानावर येऊ लागला.

किमतीवरील त्या एका लेखामुळे किमान १७ लाख डॉलरची विक्री झाली, असे शेरिडन यांनी २०१३ मध्ये सांगितले. त्यांच्याच नोंदींनुसार, विक्रेता घरी येण्यापूर्वी संकेतस्थळाची ३० किंवा अधिक पाने वाचणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक खरेदी करीत. ही आकडेवारी कंपनीची स्वतःची आहे, आणि तिचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. तीस पाने वाचणारा माणूस आधीच खरेदीच्या विचारात असतो. वाचनामुळे तो ग्राहक झाला की ग्राहक होणार म्हणून त्याने वाचले, हे केवळ या आकड्यावरून ठरत नाही. विक्रेत्याच्या वेळाची बचत झाली, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते. कंपनी मंदीतून सावरली व पुढे स्वतः तलावांचे उत्पादन करू लागली. शेरिडन यांचे 'दे आस्क, यू आन्सर' हे पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

=== सॉफ्टवेअर कंपन्या ===

जोएल स्पोल्स्की यांनी २००० मध्ये न्यू यॉर्क येथे फॉग क्रीक सॉफ्टवेअर ही कंपनी स्थापली आणि त्याच वर्षी 'जोएल ऑन सॉफ्टवेअर' हा ब्लॉग सुरू केला. कंपनीच्या मालाविषयी त्यात थोडेच असे. आज्ञावली-लेखकांची भरती कशी करावी, वेळापत्रक कसे आखावे, जुनी आज्ञावली मोडून पुन्हा लिहिणे का टाळावे, असे विषय असत. ते वाचणारे आज्ञावली-लेखक हेच कंपनीचे संभाव्य ग्राहक व संभाव्य कर्मचारी होते. जेफ ॲटवुड या दुसऱ्या ब्लॉगलेखकासह त्यांनी २००८ मध्ये 'स्टॅक ओव्हरफ्लो' सुरू केले, तेव्हा पहिले वापरकर्ते या दोघांच्या वाचकांमधूनच मिळाले. शिकागो येथील ३७सिग्नल्स या कंपनीनेही 'सिग्नल व्हर्सेस नॉइज' या ब्लॉगच्या वाचकांपुढे २००४ मध्ये 'बेसकॅम्प' हे उत्पादन मांडले.

स्पोल्स्की यांनी मार्च २०१० मध्ये नियमित ब्लॉगलेखन थांबवले. व्यवसाय लहान असताना ब्लॉग उपयोगी पडतो, पण त्याचे वाचक हाच बाजार मानला तर वाढीला मर्यादा येते, असे मत त्यांनी त्या सुमारास मांडले. या लेखनप्रकाराचा सर्वाधिक लाभ घेतलेल्यांपैकी एकाने घेतलेली ही भूमिका असल्यामुळे तिला वजन आहे. लेखिका कॅथी सिएरा यांचा दाखला देऊन त्यांनी असेही नोंदवले की, यशस्वी व्यावसायिक ब्लॉग स्वतःच्या कंपनीविषयी नसतो. वाचकाला त्याच्या कामात अधिक कुशल करणारा असतो.

== उपयुक्ततेची कारणे ==

अर्थशास्त्रीय दृष्टीने पाहता या लेखनाचा संबंध माहितीच्या विषमतेशी आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मधील निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, मालाची खरी प्रत विक्रेत्याला ठाऊक असते व ग्राहकाला नसते, तेव्हा ग्राहक सरासरी प्रतीचाच भाव देऊ करतो आणि चांगला माल विकणारा बाजाराबाहेर फेकला जातो. या विषयातील कार्याबद्दल त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोठी कंपनी ही विषमता ओळखीच्या नाममुद्रेने, हमीपत्राने व ठिकठिकाणच्या शाखांनी कमी करते. छोट्या व्यावसायिकाकडे यांपैकी काहीच नसते. वर्षानुवर्षे सातत्याने केलेले व जाणकाराला तपासता येईल असे तपशीलवार लेखन हे त्याच्या कौशल्याची खूण बनते, कारण ज्याला काम येत नाही त्याला तसे लिहिणे कठीण जाते. कंत्राटी लेखक व संगणकनिर्मित मजकूर यांच्या प्रसारामुळे ही खूण पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही.

दुसरे कारण भौगोलिक आहे. एखाद्या गावात विशिष्ट वस्तूचे पाच-दहाच ग्राहक असतात. देशभर किंवा जगभर मिळून ते काही हजार असू शकतात. ख्रिस अँडरसन यांनी २००४ मध्ये 'लाँग टेल' या संज्ञेने ज्या विखुरलेल्या मागणीचे वर्णन केले, तिच्यापर्यंत वृत्तपत्रातील जाहिरातीने पोहोचणे परवडत नाही. असा ग्राहक मात्र आपला प्रश्न शोधयंत्रात टाकतो, आणि प्रश्न जितका बारीक तितकी त्यावर स्पर्धा कमी असते.

याखेरीज लेखनाचा एक अंतर्गत उपयोगही सांगितला जातो. तोच प्रश्न पन्नासाव्या ग्राहकाने विचारला की दुवा पाठवता येतो, नव्या कामगाराला कामाची पद्धत वाचायला देता येते, आणि लिहिताना मालकालाच आपल्या कामातील विसंगती दिसते.

== खर्च व मर्यादा ==

ब्लॉग विनामूल्य असतो ही समजूत पूर्ण खरी नाही. पैशांऐवजी त्यात मालकाचा वेळ जातो, आणि एकहाती व्यवसायात तीच सर्वांत दुर्मीळ गोष्ट असते. शोधयंत्रांतून वाचक येण्यास महिने लागतात. फळ दिसण्यापूर्वीच लेखन थांबणे हा अशा ब्लॉगांचा सर्वांत सामान्य शेवट आहे. 'आमच्या नव्या ब्लॉगवर स्वागत' अशी एकमेव नोंद असलेला ब्लॉग ग्राहकाच्या मनात व्यवसाय चालू आहे की बंद, अशी शंका निर्माण करतो. त्यापेक्षा तो नसलेला बरा.

सर्व व्यवसायांना तो सारखा उपयोगीही नसतो. ग्राहक खरेदीपूर्वी बराच विचार करतो, रक्कम मोठी असते किंवा चूक महागात पडते, तेथे वाचनाला वाव असतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला किंवा चहाच्या टपरीला तसा वाव नाही. वडापावच्या गाडीपुढील रांग लेखाने लांबत नाही.

व्यासपीठावरील अवलंबित्व हा आणखी एक प्रश्न आहे. याहू कंपनीची जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये, पोस्टरस २०१३ मध्ये आणि टाइपपॅड सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. ज्यांनी प्रती जतन केल्या नव्हत्या त्यांचे लेखन गेले. स्वतःच्या नावाचा डोमेन घेणे व नोंदींची प्रत आपल्याजवळ ठेवणे, हा सल्ला यातूनच रूढ झाला. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाल्यावर ब्लॉगांचे नियमित वाचन करणारा वर्गही घटला. पुष्कळ व्यवसाय फेसबुक, इन्स्टाग्राम व यूट्यूब यांकडे वळले. तेथे वाचक आयते मिळतात, पण त्यांच्यापर्यंत काय पोहोचावे हे ती कंपनी ठरवते.

== शोधयंत्रांवरील परिणाम ==

वाचक शोधयंत्रांतून येतात हे ध्यानात आल्यावर केवळ शोधशब्दांसाठी रचलेल्या मजकुराचा पूर आला. गूगलने फेब्रुवारी २०११ मधील 'पांडा' व एप्रिल २०१२ मधील 'पेंग्विन' या बदलांद्वारे निकृष्ट मजकूर व बनावट दुवे यांना मागे ढकलण्याचा प्रयत्न केला. ऑगस्ट २०२२ मध्ये उपयुक्त मजकुराला प्राधान्य देणारा बदल जाहीर झाला. मात्र प्रत्येक बदलाच्या वेळी काही प्रामाणिक छोट्या संकेतस्थळांचेही वाचक घटले, अशा तक्रारी झाल्या आहेत. मे २०२४ पासून अमेरिकेत गूगलने शोधनिकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश व्यापक प्रमाणावर दाखवण्यास सुरुवात केली. वाचकाला उत्तर तेथेच मिळाले तर तो मूळ लेखापर्यंत येत नाही. शेरिडन यांच्या पद्धतीचा सगळा आधार प्रश्नकर्ता आपल्या पानावर येण्यावर होता, म्हणून हा बदल तिच्या मुळाशी जाणारा आहे.

== प्रामाणिकपणा व नियमन ==

ब्लॉगवर विश्वास ठेवला जातो म्हणूनच त्याची नक्कल झाली. २००६ मध्ये अमेरिकेत एक जोडपे मोटारघरातून प्रवास करीत वॉलमार्टच्या वाहनतळांवर मुक्काम करते, असा ब्लॉग गाजला. त्या प्रवासाला वॉलमार्टशी संबंधित गटाचा पैसा असल्याचे उघड झाले व एडेलमन या जनसंपर्क कंपनीला माफी मागावी लागली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना सुधारून, मोबदला किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिणाऱ्यांनी तसे सांगणे अपेक्षित केले. भारतात ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ मध्ये समाजमाध्यमांतील प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली; दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू होतो. स्वतःच्या व्यवसायाच्या ब्लॉगवर स्वतःचा माल चांगला म्हणणे यात गैर काही नाही. परंतु आजार बरा करण्याचे किंवा अमुक इतका नफा मिळण्याचे दावे जाहिरातीतल्याप्रमाणेच जबाबदारी आणतात.

== मराठी संदर्भ ==

देवनागरी लिपी युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून समाविष्ट असली, तरी मराठीत सुलभ टंकन व एकसारखा दिसणारा मजकूर २००० नंतरच्या दशकातच सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. मराठी ब्लॉगविश्वात ललित लेखन, पाककृती, प्रवास व समीक्षा यांचा भर राहिला; दुकानदार किंवा कारागीर यांचे लेखन तुलनेने कमी आढळते. जानेवारी २०१८ मध्ये लहान व्यवसायांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस आल्यावर अनेकांनी ब्लॉगचा टप्पा ओलांडून थेट तो मार्ग स्वीकारला. तेथील संदेश ओळखीच्यांपर्यंत लगेच पोहोचतो, पण अनोळखी ग्राहकाला शोधयंत्रातून सापडत नाही.

वस्तुतः माहितीच्या विषमतेचा प्रश्न महाराष्ट्रातील अनेक पारंपरिक व्यवसायांना भेडसावतो. कोकणातील हापूस आंब्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाजारात परप्रांतीय आंबा त्याच नावाने विकला जातो व सामान्य ग्राहकाला फरक कळत नाही. येवल्याची हातमागावरची पैठणी आणि यंत्रमागावरची नक्कल यांच्या किमतीत मोठी तफावत असते. पदराची उलटी बाजू पाहून ती ओळखण्याची रीत विणकरांना ठाऊक असते, दूरच्या खरेदीदाराला नसते. २०१९ मध्ये मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत कातडे कोणते, शिलाई कशाची, नवी चपल तेल देऊन कशी मऊ करावी, हे प्रश्न प्रत्येक नवा ग्राहक विचारतो. त्यांची उत्तरे दुकानात तोंडी दिली जातात, आणि लेखी स्वरूपात ती मिळतात तेव्हा बहुधा वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, मध्यस्थ विक्रेत्यांच्या संकेतस्थळांवर किंवा इंग्रजीत असतात.